निर्दोष वस्तूंचा माळा

आमच्या माळ्यावर एक यूएसबी साउंड कार्ड आहे, रॅमच्या पट्ट्या आहेत, एक ग्राफिक्स कार्ड, एक कंडेन्सर माइक, तीन वायरलेस माउस आणि स्पीकरची एक जोडी. यातलं काहीही बिघडलेलं नाही. बहुतेक वस्तू मी कुठला तरी बिघाड घालवण्यासाठी आणल्या, बिघाड गेला नाही, आणि वस्तू वर गेल्या. या सगळ्याची बेरीज मी घरात कधी सांगितलेली नाही. बायकोनं ती विचारलेलीही नाही, कारण कुरिअरवाल्याच्या हातून पाकिटं बहुतेक वेळा तिनंच घेतली आहेत.

सुरुवात घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा झाली. पुण्यात तपकीर गल्लीत तो असेम्बल करून घेतला आणि त्यावर स्पीकर घ्यायचे ठरले. एका जोडीवर ‘१२०० वॅट पीएमपीओ’ असं ठळक छापलं होतं, दुसरीवर बारीक अक्षरांत ‘१० वॅट आरएमएस’. किमतीत फारसा फरक नव्हता. मी बाराशे उचलले. पीएमपीओ हा आकडा कसा मोजायचा याला कुठलाच मान्य नियम नव्हता, कंपनीला वाटेल तो छापता येई. हे मला ठाऊक नव्हतं, पण ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्या स्पीकरच्या ॲडॅप्टरवर स्वच्छ लिहिलं होतं: १२ व्होल्ट, १ अँपिअर. गुणाकार केला असता तर बारा वॅट आले असते. ज्याला बारा वॅट मिळतात तो बाराशे कुठून देणार? आवाज वाढवला की ते स्पीकर चिरकायचे, आणि मी गाण्याच्या सीडीला दोष द्यायचो.

हाच गुणाकार न करण्याची चूक मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा केली, तेव्हा किंमत जास्त मोजावी लागली. मुलगी व्हिडिओ एडिटिंग करायला लागली आणि कॉम्प्युटर मध्येच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. मी रॅमच्या पट्ट्या काढल्या, खोडरबरनं त्यांचे सोनेरी दात घासले, परत बसवल्या. त्याच बैठकीत पंख्यांवरची धूळ काढली आणि विंडोजही नव्यानं टाकली. काही दिवस बरे गेले. मग पुन्हा तेच. नवी रॅम आणली, काही दिवस बरे गेले. ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी तेच. अधूनमधून होणारा बिघाड माणसाला असा फसवतो. तो काही काळ दिसला नाही की आपण शेवटी केलेल्या उपायाला श्रेय देतो. शिवाय मी तीन गोष्टी एकाच वेळी केल्या होत्या. कॉम्प्युटर कायमचा बरा झाला असता तरी कशामुळे झाला ते मला सांगता आलं नसतं.

शेवटी दुरुस्तीवाल्या पोरानं स्वतःच्या पिशवीतला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, काढून आमच्या कॅबिनेटला बाहेरूनच जोडला आणि मुलीला म्हणाला, “ताई, आता चालवा तुमचं काम.” रीस्टार्ट बंद. मग त्यानं आमच्या जुन्या एसएमपीएसचं लेबल माझ्यापुढे धरलं. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर. “काका, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही या बाराच्या लाइनवर जेवतात. चौदा बारे किती?” एकशे अडुसष्ट. व्हिडिओ रेंडर व्हायला लागला की दोघांची भूक त्याच्या वर जायची आणि सगळंच कोसळायचं. जुनं ग्राफिक्स कार्ड निर्दोष होतं. रॅम तर होतीच.

आता माझ्या सर्वांत लांबलेल्या दुखण्याकडे येतो. स्पीकरमधून घूं असा बारीक आवाज यायचा. गाणं लागलं की झाकला जायचा, आलापात मात्र जाणवायचा. मी ठरवून टाकलं की मदरबोर्डवरचं साउंड कार्ड स्वस्तातलं आहे. बाहेरचं यूएसबी कार्ड आणलं. घूं कायम. मग महागडी, जाड आवरणाची वायर आणली. घूं कायम. या सगळ्या काळात एक गोष्ट रोज माझ्या हाताखाली घडत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की आवाज कमी व्हायचा. उन्हाळ्यात अनवाणी असताना तो हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. मी याला ‘थोडा करंट येतो’ म्हणायचो आणि चपला घालून बसायचो.

बाथरूमचा गीझर बदलायला वायरमन आला होता. जाता जाता त्यानं माझ्या टेबलामागचा बोर्ड उघडला आणि हसला. “साहेब, अर्थिंगचं भोक आहे, मागे वायरच नाही.” इमारत जुनी. कधी तरी कुणी तरी दोन पिनांचे सॉकेट काढून तीन पिनांचे बसवले होते आणि तिसरी तार ओढण्याचं काम वाचवलं होतं. समोरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसत होतं.

मग कोडं उलगडलं. एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा थोडासा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास, लटकत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्यानं झटका न बसता मुंग्या येतात. तो प्रवाह मिळेल ती वाट धरतो. आमच्याकडे त्याला मिळालेली वाट म्हणजे ऑडिओ वायरीचं आवरण, तिथून ॲम्प्लिफायर, पुढे त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला सेट-टॉप बॉक्स आणि केबलवाल्याची वायर. मी आणलेलं जाड आवरण म्हणजे त्याला रुंद करून दिलेला रस्ता होता.

वायरमननं अर्थची तार ओढली. मुंग्या गेल्या, घूं बराच कमी झाला, पण संपला नाही. इथे मी जी चूक केली ती सांगायला मला सर्वांत जास्त लाज वाटते. अर्थला दोन वाटा मिळाल्या की त्यांचं वेटोळं होतं आणि ५० हर्ट्झचा गुणगुणाट त्यात फिरतो, एवढं मी तोवर वाचलं होतं. कॉम्प्युटर बोर्डातून अर्थला जोडलेला, आणि केबलची वायर दुसरीकडे कुठे तरी. वेटोळं तोडायचं तर एक वाट तोडायची. मी सोपी तोडली. कॉम्प्युटरच्या प्लगला दोन पिनांचा ॲडॅप्टर लावला आणि वायरमननं पैसे घेऊन जोडलेली अर्थ फुकटात काढून टाकली. घूं थांबल्यासारखा वाटला. मी खूश.

प्लगमधली अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. प्लग खोचताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, म्हणून. फेजची तार कधी निसटून पत्र्याला टेकली तर प्रचंड प्रवाह त्या वाटेनं जाऊन स्विच पडावा, माणूस वाचावा, हे तिचं काम. मी माझ्या शांत आलापासाठी मुलीच्या कॉम्प्युटरवरून ते संरक्षण काढलं होतं. तिनंच एक दिवस तो ॲडॅप्टर पाहिला आणि विचारलं, “बाबा, हे काय आहे?” उत्तर देता देताच मला कळलं की काय आहे. योग्य उपाय साधा होता. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतली आणि केबलच्या वायरीत, जिथून दुसरी अर्थ येत होती, तिथे आयसोलेटर बसवला.

या सगळ्या काळात मी चांगल्या स्पीकरचीही हौस केली. त्यांतल्या पहिल्या जोडीत खर्ज नव्हता. आवाज मात्र भिंतीभर पसरायचा, कुठून येतो ते कळायचं नाही. मी पाहुण्यांना सांगायचो, “बघा, स्टेज किती मोठं आहे.” खर्जासाठी ती जोडी वर टाकून दुसरी आणली, त्याच वायरींना जोडली. पुन्हा तसंच. तबला वाजवणारा एक मित्र आला, मिनिटभर ऐकून म्हणाला, “अरे, डग्गा कुठाय?” वायरीच्या एका टोकाला लाल-काळं उलटं जोडलं गेलं होतं. एक पडदा बाहेर यायचा तेव्हा दुसरा आत जायचा आणि दोघं मिळून खालचे सूर पुसून टाकायचे. हे तपासायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. धन टोक लाल वायरीला, ऋण काळ्या वायरीला क्षणभर टेकवायचं. पडदा बाहेर उडी मारतो की आत, ते डोळ्यांनी दिसतं. माळ्यावरच्या जोडीत खर्ज आहे.

माइकचंही तेच. दृष्टिहीन मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम मी घेतलं आणि कंडेन्सर माइक आणला. तो ४८ व्होल्ट मागतो आणि माझी साधी वायर ते देत नाही, हे नंतर कळलं. ती सोय केल्यावर तो चालला, इतका उत्तम चालला की लिफ्टचं दार, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि उघड्या भिंतींवरून परत येणारा माझाच आवाज, सगळं त्यानं टिपलं. माइक चोख होता, खोली नागडी होती. आता साधा डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरतो आणि मागे गोधडी टांगतो. अंतर निम्मं केलं की माझा आवाज ६ डेसिबलनं वाढतो, खोलीचा मात्र आहे तेवढाच राहतो. आणि ते माउस? ते अडखळायचे कारण त्यांचा डोंगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला चिकटून होता. त्या जोडणीतला गोंगाट नेमका वायरलेस माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. वीतभर एक्स्टेन्शननं डोंगल दूर नेला आणि काम झालं.

इथवरच्या चुकांनी पैसे गेले. एका चुकीनं मात्र जे गेलं ते परत येणार नाही. वडील घरी गाण्याच्या बैठका भरवत. त्यांच्या कॅसेट मी कॉम्प्युटरवर घेतल्या. डेकची वायर मागच्या गुलाबी भोकात खोचली, कारण त्यावर माइकचं चित्र होतं आणि मला रेकॉर्डच करायचं होतं. शेजारचं निळं भोक लाइन-इनचं, डेकसाठी तेच. माइकचा संकेत फार क्षीण असतो म्हणून गुलाबी भोक तो अनेक पटींनी वाढवतं. डेकचा भरदार आवाज त्यात शिरला आणि प्रत्येक जोरकस सुराचा शेंडा सपाट कापला गेला. ऐकताना करकर जाणवली होती. कॅसेट जुन्या म्हणून असेल, असं मी ठरवलं. मग डेक भंगारात दिला आणि कॅसेटही.

कॉम्प्युटरवर घेतलेल्यांपैकी एक कॅसेट आत्याकडे राहिली होती. ती काही वर्षांनी हाती आली, तेव्हा मागून आणलेल्या डेकवर नीट केली. हेड स्पिरिटनं पुसलं, हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू कानानं फिरवत तंबोऱ्याची जव्हारी उघडेपर्यंत आणला, आणि वायर निळ्या भोकात. त्या रेकॉर्डिंगमध्ये वडील मागून कुणाला तरी चहा विचारताना ऐकू येतात. माझ्या जुन्या फाइलमध्ये त्या जागी करकर आहे. बाकीच्या कॅसेटमध्ये काय काय होतं ते आता कळायचा मार्ग नाही.

या सगळ्यातून मला दिसलं ते एवढंच की बिघाड बहुतेक वेळा दोन वस्तूंच्या मधल्या जागेत होता. सॉकेटमागे, वायरीच्या टोकाशी, चुकीच्या भोकात, उघड्या भिंतीत. ती जागा कुणी विकत नाही, तिची जाहिरात होत नाही, म्हणून तिकडे लक्ष जात नाही. आणि वस्तू विकत घेणं फार सोपं असतं, त्यात काही तरी केल्याचं समाधानही मिळतं. आता मी आधी काढत जातो. एकेक वायर उपटतो, लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवतो, डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल करतो आणि दोष वायरीबरोबर जातो की जागेवर राहतो ते बघतो. एका वेळी एकच बदल. लेबलवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणतो. नवी वस्तू कानानं तपासून झाल्याशिवाय जुनी मूळ वस्तू घराबाहेर जात नाही.

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला, “मामा, कुठले स्पीकर घेऊ?” मी विचारलं, सॉकेटला अर्थिंग आहे का, खोली केवढी, ठेवणार कुठं, जोडणार कशाला. ती म्हणाली, “तू नाव सांग ना.” मी पुन्हा खोली विचारली. तिनं फोन ठेवला आणि दुकानात जाऊन आवडले ते घेतले. परवा तिच्याकडे ऐकून आलो. चांगले वाजतात. लाल-काळं तपासायला मात्र मी खिशातून सेल घेऊन गेलो होतो.