लक्षण आणि लक्षणा

वैद्यकातले 'लक्षण' आणि काव्यशास्त्रातली 'लक्षणा' यांच्यात अवघ्या एका कान्याचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी जे समोर दिसते त्यावरून जे दिसत नाही तिथवर पोहोचायचे असते. ही जवळीक केवळ ध्वनिसाम्याची नाही, हे आम्हाला अलीकडे एका मोटारीमुळे उमगले. साहित्याच्या वाचकांपुढे इंजिनाची कहाणी मांडण्याचे धाडस आम्ही त्यामुळेच करीत आहोत.

आमची मोटार आजकाल सर्रास दिसते तशी लहान आहे. एक लिटरचे, तीन सिलिंडरांचे, टर्बो बसवलेले पेट्रोल इंजिन. अशा इंजिनाचा संसार काटकसरीचा. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बोचे चक्र फिरवायचे, त्या चक्राने अधिक हवा सिलिंडरात कोंबायची आणि लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घ्यायचे. काटकसर साधते, मात्र आतला दाब आणि उष्णता वाढल्याने चुकीला वाव फार थोडा उरतो. चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात हे आमच्या प्रत्ययास आले. चौथ्या गियरमध्ये, दीड हजार फेऱ्यांच्या आसपास पाय दाबला की गाडी क्षणभर घुटमळे, मग डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येई आणि उरलासुरला जोरही ओसरे. गॅरेजच्या भाषेत, गाडीला पिकअप नव्हते आणि ती नॉकिंग करीत होती.

हा ठोका कसा उत्पन्न होतो? ठिणगी पडल्यावर ज्योतीने क्रमाक्रमाने पसरावे, अशी योजना असते. पण ज्योत पोहोचण्याआधीच कडेला उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपसूक पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरात घुमू लागतात. इंजिनाच्या अंगावर बसवलेला नॉक सेन्सर ही थरथर टिपतो. तो सगळेच आवाज टिपत असतो, झडपांचे आणि इंजेक्टरांचेसुद्धा. संगणक मात्र प्रत्येक ज्वलनानंतरच्या ठरावीक अंशांत आणि ठरावीक कंप्रतेत आलेलीच थरथर विचारात घेतो. ठोका आहे अशी खात्री पटताच तो ठिणगीची वेळ मागे सारतो. ठोका थांबतो, पण ठिणगी उशिरा पडल्याने जोरही घटतो. चालकाला जाणवणारे घुटमळणे हे पुष्कळदा असे दाबून टाकलेल्या ठोक्याचे रूप असते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या आपले दुखणे ओरडून सांगत. नव्या ते गिळतात.

शहरातील एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडीला स्कॅनर लावण्यात आला. पडद्यावर संकेतांक उमटला: पी-०२९९. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोने निर्माण केलेला दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतो आहे. जॉब कार्डावर मात्र 'टर्बो बदलणे' असे लिहिले गेले आणि अंदाजपत्रकाचा आकडा आमच्या महिन्याच्या पगाराला वळसा घालून पुढे गेला. 'दाब कमी आहे' हे विधान आणि 'टर्बो निकामी आहे' हा निष्कर्ष यांच्यामधली जागा कोणालाच दिसली नाही. फाटलेला होज, सैल क्लिप, पुरती न मिटणारी वेस्टगेट, इतकेच काय, दाब मोजणारा सेन्सरसुद्धा हाच संकेतांक उमटवू शकतो.

मम्मटाने लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. गंगेवर वस्ती आहे असे म्हटले की आपण तीरावरची वस्ती समजतो, कारण प्रवाहावर झोपड्या उभ्या राहत नाहीत. यातली पहिली पायरी वाचक सहसा विसरतो. सरळ अर्थ आधी लावून पाहायचा आणि तो नेमका कुठे अडतो ते शोधायचे. आमच्या प्रकरणी सरळ अर्थ स्वच्छ अडत होता. टर्बो निकामीच असता, तर तीन हजार फेऱ्यांच्या पुढे गाडी पूर्वीइतकीच जोमाने का धावत होती?

हा बाध ध्यानी आला तो कराडच्या एका लहान गॅरेजमधील मिस्त्रींच्या. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. "थंड असताना होतंय का गरम झाल्यावर, सर? कुठल्या गियरला? नवीन पेट्रोल भरल्यापासून का आधीपासून? आधी अडखळते का आधी आवाज येतो?" मग स्वस्तापासून महागाकडे अशा क्रमाने त्यांनी तपासणी केली. तिन्ही प्लग काढले. त्यांची गॅप झिजून वाढली होती. दाबाखालच्या दाट हवेतून ठिणगीला उडी मारायला अधिक व्होल्टेज लागते, म्हणून टर्बो इंजिनात एवढी झीजही भोवते. त्यानंतर हवेचा मार्ग बंद करून त्यांनी आत धूर सोडला. इंटरकूलरच्या होजवरील एका क्लिपेखालून धुराची बारीक रेघ वर आली. गळती भरून काढायला टर्बोला अधिक फिरावे लागे, हवा अधिक तापे, तापलेल्या हवेने ठोका येई, संगणक ठिणगी मागे सारी आणि जोर घटला म्हणून आम्ही पाय आणखी दाबीत असू. वरच्या फेऱ्यांत टर्बोपाशी शक्ती मुबलक असल्याने हे सारे झाकले जाई. तीन प्लग आणि एक क्लिप यांवर काम भागले.

निघताना त्यांनी बजावले, "चढाला गियर आधीच उतरवा. कमी फेऱ्यांवर इंजिन रेटू नका." या सल्ल्यामागे मोठे संशोधन उभे आहे. थेट सिलिंडरात इंधन सोडणाऱ्या टर्बो इंजिनात कमी फेऱ्या आणि जास्त भार एकत्र आले, की ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि असा एखादा स्फोट पिस्टनही फोडू शकतो. इंजिन ऑइलमधील कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा त्यात हात असल्याचे दिसून आल्यावर अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये 'एसएन प्लस' आणि २०२० मध्ये 'एसपी' हे नवे दर्जे आणले.

ठोक्याचे कारण शोधण्याऐवजी त्याला नुसते गप्प करण्याची किंमत केवढी असू शकते, हेही या विषयाच्या इतिहासात नोंदलेले आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना आढळले, की पेट्रोलमध्ये किंचित टेट्राएथिल लेड मिसळले की ठोका नाहीसा होतो. इंजिने शांत झाली आणि शिसे हवेतून मुलांच्या रक्तात उतरत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगातील मोटारींसाठीची त्याची शेवटची विक्री अल्जीरियात २०२१ मध्ये थांबली. एक आवाज बंद करण्याचे मोल जगाने शंभर वर्षे फेडले.

आम्ही मराठी शिकवतो आणि दर वर्षी गठ्ठ्याने उत्तरपत्रिका तपासतो. 'या कवितेत अस्तित्ववादी जाणीव आहे', 'ही कथा स्त्रीवादी आहे' अशी वाक्ये त्यांत पानोपानी भेटतात. ती बहुधा चुकीची नसतात. पी-०२९९ तरी कुठे चुकीचा होता? पण तो संकेतांक आहे, निदान नव्हे. संज्ञा लिहून झाली की वाचन आटोपते आणि कवितेतली जी ओळ खरोखर अडखळत होती ती तशीच पुढे निघून जाते. त्या ओळीपाशी थांबून कुठे अडते, केव्हा अडते, आधी काय घडते, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायला हवी. कराडचे मिस्त्री याला समीक्षा म्हणणार नाहीत. पद्धत मात्र तीच आहे.