नाशिक मागितलं, हिंगोली मिळालं

पुणे,
मंगळवार रात्र

चि. ठकूबाईस,


तुझ्या बदलीच्या ऑर्डरचा फोटो मिळाला. त्याखालचे रडके चेहरेही मिळाले. तू नाशिक मागितलं होतंस, तेही नाही तर निदान छत्रपती संभाजीनगर, आणि हातात पडलं हिंगोली. तुझी आई फोनवर अशी बोलत होती की तुला जणू काळ्या पाण्यावर धाडलंय. मी त्या गावात उभी नोकरी काढली आहे, त्यामुळे कुणी हिंगोलीची कीव केली की माझं डोकं फिरतं. फोनवर तू "हो गं मावशी" करत मला कटवतेस, म्हणून हे पत्र.

माझीही ऑर्डर अशीच होती. मी परभणी शहर मागितलं होतं. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातलाच एक तालुका. जिल्हा वेगळा झाला तो 1 मे 1999ला. साहेब म्हणाले, "जिल्हा तोच आहे की!" याला म्हणतात सरकारी समजूत.

आता तुझा खरा प्रश्न. "तिथे खायला काय मिळतं?"

सकाळी मोंढ्याच्या नाहीतर बसस्टँडच्या बाजूला जा. गाडे लागलेले असतात. तू सवयीने पोहे मागशील. मिळतील, पण एखाद्या दिवशी संपलेले असतील आणि गाडेवाला विचारेल, "सुशीला देऊ का?" तोंड वाकडं न करता हो म्हण. सुशीला म्हणजे मुरमुऱ्यांचा नाश्ता. मुरमुरे पाण्यात टाकायचे आणि लगेच दोन्ही हातांनी पिळून काढायचे. जरा रेंगाळलं की लगदा. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, शेंगदाणे, कांदा, आणि हिरवी मिरची हात न आखडता. मग हळद, मग मुरमुरे, आणि शेवटी वरून डाळव्यांचं पीठ. सगळी गंमत त्या पिठात आहे. ते मुरमुऱ्यांचं उरलेलं पाणी पिऊन टाकतं आणि फोडणीचं तेल दाण्यादाण्याला चिकटवून ठेवतं. लिंबू पिळलं की कधी संपतो कळत नाही. मी पहिल्यांदा खाल्ला तो पोहे नव्हते म्हणून. पुढे पोह्यांची कढई समोर भरलेली असली तरी मी सुशीलाच मागू लागले. इथे पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर पोहे मिळतात, पण सुशीला म्हटलं तर लोक विचारतात, "कोण सुशीला?"

एक मात्र सांभाळ. सुशीला खाताना "पोह्यांसारखा लागतो का" हे तपासत बसू नकोस. त्याने दोन्हींचा अपमान होतो.

जेवणाचं सांगते. पेन्शनपुऱ्याच्या अंगाला एका घरात एक बाई खानावळ चालवायच्या. पाटी नाही, मेनू नाही, ओसरीवर चार सतरंज्या. (पेन्शनपुरा, पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार ही सगळी मोहल्ल्यांची नावं आहेत, घाबरू नकोस. निजामाच्या काळात तिथे फौजेची छावणी होती. फौज गेली, पत्ते राहिले.) पहिल्याच दिवशी मी पोळी मागितली. बाई तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पोळ्या न्हाईत. भाकर हाय. वाढू का नको?" त्या "का नको"त असा काही दरारा होता की मी मुकाट ताट पुढे केलं. परातीत गोळा फिरत मोठा होत होता, कडा कुठेही चिरत नव्हत्या. तव्यावर टाकल्यावर ओल्या हाताने वरून पाणी फिरवलं, उलटली, मग चुलीच्या तोंडाशी उभी करून फुगवली. पापुद्रा सुटला तिथे बोट घालून वाफ काढली आणि आत तेल सोडलं. सोबत बेसन, म्हणजे तुमच्या नाशिककडचं पिठलं, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. पोळीची आठवण पुन्हा काढली नाही.

परवा इथल्या एका झकपक हॉटेलात तुझा मावसभाऊ आम्हाला घेऊन गेला. भाकरीचा भाव पोळीच्या वर! गुळाच्या चहाचंही तेच. आमच्या लहानपणी घरात साखर नसली की गुळाचा चहा व्हायचा आणि पाहुण्याला देताना आईला लाज वाटायची. आता त्याचीच दुकानं निघाली आहेत. पोळी नाही म्हणून भाकर, साखर नाही म्हणून गूळ, असं ज्यांना आपण खालच्या पंगतीत बसवलं, त्यांची पानं कधी वर सरकली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या बाईंना तो भाव सांगायला हवा होता. लुटता का म्हणाल्या असत्या.

पण मी तुला "जे मिळेल ते गोड मान" असं कीर्तन ऐकवत नाहीये हं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. घरची ज्वारी संपली म्हणून ती. तिची भाकरी थापताना आईच्या हातात चिरायची, आणि खाताना घशात अडायची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांना सुकडी मिळायची. ती त्यातल्या त्यात गोड, आम्ही पोरं तिच्यावर टपलेली असायचो. मिलोने माणसं जगवली हे खरं, पण पाऊस पडल्यावर तिची आठवण काढून कुणी जीभ चाटली नाही. खपाटीला गेलेल्या पोटांपुढे कुणीतरी पोती रिकामी केली होती, एवढंच. मुरमुरेसुद्धा गरिबाचंच खाणं, पण त्यांना कुणीतरी निगुतीने फोडणी घातली. तुझ्या पानात येईल त्यात मिलो कोणती आणि सुशीला कोणता, हे तुझं तूच ओळख. भाड्याच्या खोलीला पाणी नसेल तर ते गोड मानून घेऊ नकोस, घरमालकाशी भांड.

आणि हो, दुसऱ्या पसंतीचं गाव म्हणून नाक मुरडतेस, तर एक ऐक. तुझ्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी लहर उठते ती पकडायचं यंत्र, काटकोनात दोन भुजा, एकेक 4 किलोमीटर लांब. अशी दोन अमेरिकेत आहेत, हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे हुडकायला दूरवर आणखी एक हवं होतं. ते आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केलं होतं, पर्थजवळ जिनजिनला. तिथल्या सरकारचं पैशाचं जमेना, 2011 साली ते मागे पडलं, आणि मग भारताचं नाव पुढे आलं. 2016च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मंजुरी मिळाली, 2023च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर झाले. ऑस्ट्रेलिया नाही म्हणून औंढा! त्या शास्त्रज्ञांनीही रडके चेहरे पाठवले असतील का गं?

औंढ्याला जाशीलच. ज्योतिर्लिंग आहे म्हणून जा, पण देवळाभोवती नीट फीर. खालचं काम काळ्या दगडाचं, बारीक कोरलेलं, आणि वरचा भाग निराळाच, नंतरच्या काळात चढवलेला. पाडापाडीनंतर जे जमलं ते लोकांनी वर बांधलं. जुन्या कामाचे भोक्ते त्या शिखराकडे बघून हळहळतात. मला ते तसंच आवडतं. नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथेच म्हणतात. साक्षात विठोबा बोलायला असलेल्या माणसाला गोरोबाकाकांनी कच्चं मडकं ठरवलं आणि गुरू करायला पाठवलं. आणि समोर कोण, तर पिंडीवर पाय टाकून पडलेला म्हातारा. नामदेव तिथून माघारी फिरले असते तर?

नामदेवांचं नर्सी हिंगोली तालुक्यात, कयाधूच्या काठी. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला तिथे परतवारी भरते. पंढरपूरहून परतलेले येतात, आणि ज्यांना पंढरपूर जमलं नाही तेही येतात. त्या गर्दीत साबुदाण्याची खिचडी खा. तिच्यात शेंगदाणे, मिरची, बटाटा, सगळं समुद्रापलीकडून आलेलं. आणि साबुदाणा? तो पूर्वी मलायाकडून यायचा. दुसऱ्या महायुद्धात तो बंद पडला आणि तमिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून करायला लागले. या बदली मालावर आपल्या आज्ज्यांनी किती निष्ठेने उपास केले! पांडुरंगाने आजवर तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दसऱ्याला गावी पळू नकोस. हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षं चालत आला आहे. रामलीला, प्रदर्शन, पाळणे, आणि गरम मिरची भज्यांचे ढीग. ती भजी उभ्यानेच खायची असतात, बशी मागितलीस तर नवीन आहेस हे कळेल.

बाकी व्यवहाराचं. खानावळ लावशील तेव्हा पहिला महिना पूर्ण पैसे आगाऊ देऊ नकोस, पंधरा दिवस चव बघ. रात्रीच्या जेवणाला उशीर होणार असेल तर दुपारीच कळव, नाहीतर ताट झाकून बाई ताटकळत बसते आणि दुसऱ्या दिवशी वरणात त्याचा राग उतरतो. तुझ्या आईला मी समजावते. तू तिला रोज फोन कर, पण जेवल्यावर कर, उपाशीपोटी केलेल्या फोनवर कोणतंही गाव वाईटच वाटतं.

तुझी,
मावशी

ता. क. : दिवाळीला येशील तेव्हा वसमतची हळद आण. 2024 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे दुकानदार जरा मान ताठ करून भाव सांगेल. दळलेली घेऊ नकोस, हळकुंडं घे आणि एक मोडून बघ. आत गर्द केशरी दिसली तरच घे. नसली मिळाली तर राहू दे, त्या जागी दुसरी कुठली घेऊन येऊ नकोस.