घोड्याला चांदी, स्क्रूला निळाई

कापडबाजारातली दिवाळीची खरेदी आटोपली, की आम्हा पोरांचा हट्ट एकच असायचा: टिकल्यांचं रिव्हॉल्व्हर. १९७५ साली ‘शोले’ आला आणि त्यानंतर नगरच्या गल्लीगल्लीत गब्बर झाले. सगळ्यांची रिव्हॉल्व्हरं मात्र एकाच छापाची, त्यामुळे माझं कुठलं नि तुझं कुठलं यावर रोज भांडणं. म्हणून ते घरी आलं की आधी त्याचा शृंगार व्हायचा, टिकल्यांचं लाल भेंडोळं नंतर.

लोखंडी कपाट रंगवून उरलेली चांदी घोड्याला. माशीला ताईची नेलपॉलिश, तीही तिच्या नकळत. गाव लष्कराचं, त्यामुळे पट्ट्याचं बक्कल घासायचं ब्रासो भिंगारमधल्या कुणा ना कुणा मित्राकडे मिळायचंच. चाप त्याने इतका घासायचा की वरचा मुलामा जाऊन आतला धातू दिसायचा, आणि आम्हाला तेच जास्त खरं वाटायचं.

पण खरी कला मुठीच्या स्क्रूची. तो काढून, सांडशीत धरून स्टोव्हच्या आचेवर न्यायचा. पोलाद तापत गेलं की आधी गवतासारखं पिवळं दिसतं, मग तपकिरी, मग जांभळं आणि तीनशे अंशांच्या आसपास गडद निळं. हा रंग लावलेला नसतो. धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर धरतो, त्याची जाडी बदलेल तसा प्रकाश वेगळा उमटतो. क्षणभर उशीर झाला की निळाई उडून राखाडी पडलीच. उंची घड्याळांचे निळे काटे आणि जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरचे निळे स्क्रू याच युक्तीचे, हे पुष्कळ पुढे वाचनात आलं. आम्हाला ती दारावर कात्र्यांना धार लावायला येणाऱ्या शिकलगार चाचांनी सांगितली होती. त्यांच्या वाडवडिलांनी तलवारींना झिलई दिलेली. ‘आगीत नको, गरम वाळूत ठेव, सगळीकडून सारखा तापेल,’ असं ते म्हणायचे. घोडा मात्र जस्ताचा ओतीव असायचा. तो आचेवर धरणाऱ्याच्या हाती वितळलेला गोळा यायचा.

खरं रिव्हॉल्व्हर दिसायचं ते खंडेनवमीला, एखाद्या ऊसवाल्या बागाइतदाराच्या घरी, पहार-कुदळीशेजारी झेंडूची फुलं वाहिलेलं. कुणी त्याला निकेल चढवून घेई, कुणी मूठ बदली. नंबर मात्र जसाच्या तसा. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार तो खोडणं हा गुन्हा आहे.

शस्त्र नटवण्याची हौस या गावाला जुनीच. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमीने मलिक-ए-मैदान तोफ इथेच ओतली आणि तिच्या तोंडाला हत्ती गिळणाऱ्या सिंहाचा जबडा दिला. आज ती विजापुरात आहे. १६८६मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि तिच्यावर आपला लेख कोरवला. शस्त्र हाती आलं की त्यावर आपली खूण हवीच, बादशहा असो की गल्लीतलं पोर.

आता जिल्हा अहिल्यानगर झाला आणि रिव्हॉल्व्हर प्लॅस्टिकचं. रंग साच्यातूनच आलेला, टिकल्यांची लाल प्लॅस्टिकची चकती, खोलायला धड स्क्रू नाही. पुतण्याला त्याची फिकीर नाही, त्याची शस्त्रं मोबाइलमध्ये आहेत. २०२०च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तेव्हा घरात सुतक होतं. पुढच्या जुलैत त्याच खेळाचा भारतीय अवतार, बीजीएमआय, आला नि ते फिटलं. त्यात बंदुकीला ‘स्किन’ चढवतात: सोनेरी, बर्फाळ, ज्वाळांची. त्यासाठी यूसी, म्हणजे खेळातले पैसे, लागतात, यूसीला खरे पैसे लागतात आणि पैशांना माझा फोन लागतो.

त्या स्किन दिसायला देखण्या असतात, हे मान्य करायला हवं. आमच्या चांदीचे ओघळ यायचे, नेलपॉलिश चारचौघांत दाखवण्याजोगी नसायची. पण त्याच्या सोनेरी बंदुकीसारखी हुबेहूब बंदूक पैसे मोजणाऱ्या कुणाकडेही असते. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाला, ‘काका, म्हणून तर लिमिटेड एडिशन घ्यायची. दोनच दिवस उरलेत.’ आणि फोन माझ्यापुढे धरला, ओटीपी टाकायला.