टेम्पररी

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी लिहिणं जेमतेमच. शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात, कारण हा लेख स्पेलिंगच्या चुकीबद्दलच आहे.

माझ्या मामांचं देऊळघाटला कृषी केंद्र आहे. सेकंड इयरच्या सुट्टीत मी त्यांना उधारीचं सॉफ्टवेअर करून दिलं. डीबीएमएसला मार्क चांगले पडले होते, त्यामुळे अंगात वारं होतं. नाव आणि गाव इंग्रजीत टाईप करा, खातं समोर! मामांनी खूश होऊन लाल वही माळ्यावर टाकली.

यंदा जूनमध्ये मीच दुकानात बसले होते. शेखचाचा सोयाबीनचं बियाणं न्यायला आले. स्क्रीनवर बाकी : ४,२०० रुपये.

"बेटी, दिवाळीच्या आधीच देऊन गेलो ना मी," चाचा म्हणाले. पावती हरवलेली. मी परत सर्च मारला. एकच खातं.

"चाचा, कम्प्युटरमध्ये नाहीये. तुम्ही दिलेच नाहीत."

दुकानात सात-आठ माणसं होती. चाचांनी बियाण्याची पिशवी काउंटरवर ठेवली आणि न बोलता निघून गेले.

रात्री जेवताना मामा एवढंच म्हणाले, "वीस वर्षांत त्या माणसानं एक रुपया बुडवला नाही. तुझा कम्प्युटर काहून असं म्हणते?"

घास उतरला नाही. कम्प्युटर उघडून बसले. माझा सर्च तंतोतंत स्पेलिंग जुळलं तरच खातं दाखवायचा. मग साउंडेक्स आठवलं. रॉबर्ट रसेल या अमेरिकन माणसाने १९१८ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर सोडायचे, जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. शेखमध्ये 'एआय' लिहा, 'ईआय' लिहा की नुसता 'ई', कोड एस-२०० च येतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोय तयारच असते. लावली. तरी काही नाही!

घोळ गावात होता. देऊळघाट 'यू'ने लिहा की 'ओ'ने, कोड डी-४२३. पण कुणी मध्ये 'व्ही' घातला की डी-१४२. (आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा कुणी बुलडाणा लिहितं, कुणी बुलढाणा. गावाला काय बोलणार?) शेवटी गावाची अटच काढून टाकली. ३१ शेख आले. एकेक डोळ्यांनी पाहिला. १९ वं खातं चाचांचं. जमा : ४,२०० रुपये. दिवाळीत दुकानातल्या मुलाला त्याच्या स्पेलिंगने खातं सापडलं नाही, म्हणून त्याने नवीन उघडलं होतं.

सकाळी मामा आणि मी बियाणं घेऊन चाचांच्या घरी गेलो. मी माफी मागितली. चाचांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मशीन आहे बेटी, चुकते कधी कधी."

पण मशीन चुकलं नव्हतं. "सापडलं नाही" एवढंच ते म्हणालं होतं. "दिलेच नाहीत" हे मी म्हणाले होते.

खरा इलाज म्हणजे प्रत्येकाला खाते नंबर द्यायचा आणि नंबरावरच शोधायचं. ते काम या दिवाळीत करणार आहे. तोपर्यंत गावांच्या सगळ्या स्पेलिंगांचं एक टेबल जोडून दिलंय. कोडमध्ये वर लिहिलंय : 'टेम्पररी, नंतर काढणे.'

लाल वही मात्र मामांनी माळ्यावरून खाली काढली आहे. ती टेम्पररी आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.