'ध'ची गाठ

टोपी शिवायला सोपी, भरायला अवघड. सदऱ्याचा खिसा फ्रेममध्ये ताणून बसवला की तो पाटीसारखा सपाट होतो आणि सुई सुखाने चालते. क्रिकेटची टोपी मात्र गोल, कपाळावर मधोमध जाड शिवण, आतून ताठ बकरम. शिवणीवर सुई अडखळते, कधी कट्‌कन मोडते. म्हणून टोपीवरचं नाव मधून कडांकडे आणि खालून वर असं भरत न्यावं लागतं, नाहीतर कापड पुढे सरकत राहतं आणि शेवटी त्याची सुरकुती पडते. त्यासाठी डोक्यासारखी गोल फिरणारी फ्रेम हवी. ती आमच्या धाराशिवच्या दुकानात नाही. आईचं एकच मशीन, तेही सपाट.

मग टोप्यांचं काम बाहेर द्यायचं. नावं, रंग, मापं आम्ही घेतो. खोकं बांधून सोलापूरच्या गाडीत चढवतो. तिथे एका वेळी सहा-सहा टोप्यांवर सुया चालतात. चार दिवसांनी खोकं परत येतं, आई एकेक टोपी उजेडात धरून सुटे धागे कापते आणि गिऱ्हाइकाच्या हातात देते.

असं दुसऱ्याच्या हातून काम करून घेण्याची मला पूर्वी लाज वाटायची. पुढे तेरला गेलो. धाराशिवजवळचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे: इथून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून दूर भडोचच्या बंदराकडे जाई. समुद्रकाठच्या मुलखातून आलेला मालही त्यात असे. त्यातलं सगळंच काही गाडी भरणाऱ्यांनी विणलेलं नसणार. पण गाडी जुंपण्याआधी कुणीतरी गठ्ठ्यातलं कापड बोटांत चोळून पाहिलंच असेल. ते पाहणं हेसुद्धा कामच, असं मला तिथल्या मातीत उभं राहून वाटलं.

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं आणि नव्या नावाच्या टोप्यांची मागणी आली. एका संघाने चाळीस सांगितल्या. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी खोकं उघडलं. चाळीसही टोप्यांवर सुबक, चमकदार अक्षरांत लिहिलं होतं: घाराशिव.

अक्षरांचा नकाशा टाक्याटाक्याने मशीनला समजेल असा मांडायचा, त्याला पंचिंग म्हणतात. ज्याने हे पंचिंग केलं, त्याने वरून एक सरळ शिरोरेषा ओढून दिली होती. पण थ, ध, भ यांच्या डोक्यावरची रेघ पूर्ण नसते. तिथे जागा मोकळी राहते आणि त्या मोकळ्या जागेत अक्षराची गाठ वळते. जागा भरली की 'ध'चा 'घ' होतो, 'भूम'चं 'मूम' होतं. उस्मानाबाद लिहिताना हा प्रश्न कधी आला नव्हता. आम्ही नाव कागदावर लिहून दिलं होतं, पण ही जागा मोकळी सोडा, असं सांगितलं नव्हतं. ती चूक आमचीच.

आई काही बोलली नाही. तिने टोपी उलटी केली, आतल्या बाजूने बॉबिनचा धागा ब्लेडने हळूच कापला आणि शिरोरेषेचा डावा तुकडा उसवून काढला. उरलेल्या रेघेचं टोक हातसुईने पक्कं केलं. मग त्याच रंगाचा धागा ओवून 'ध'ची ती छोटी गाठ हाताने घातली. मी टोप्या उलट्या करून तिच्यापुढे सरकवत होतो. विसाव्या टोपीनंतर तिने बोटाला चिंधी गुंडाळली. पहाटे पाचला चाळिसावी झाली.

दुपारी मैदानावर गेलो. लांबून सगळ्या टोप्या सारख्याच दिसत होत्या. जवळ गेल्यावर 'ध'च्या डोक्याशी सुईची बारीक छिद्रं दिसली, रेघ होती तिथे. आईने एका पोराला थांबवलं, त्याची टोपी काढून घेतली, नखाने ती छिद्रं दाबून बुजवली आणि पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली.