एक दिवस मुरगाव बंदरात

मुलांनो, ‘बंदर’ हा शब्द वाचला की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? लाजू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे झाडावर बसलेले माकड आले असेल. माझ्या अब्बांच्या डोळ्यांपुढेही तेच आले होते. तेव्हा ते आठ वर्षांचे होते. जुन्या नाशकात राहत होते आणि उर्दू शाळेत शिकत होते. साल होते १९५२.

त्या वर्षी त्यांच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या आजोबांचे एक पत्र आले. (घरी आम्ही त्यांना दादा म्हणतो. पण मराठीत दादा म्हणजे मोठा भाऊ, म्हणून इथे आजोबाच म्हणते.) आजोबा मूळचे रत्नागिरीकडचे आणि आजी नाशिकची. आजोबा आगबोटीवर खलाशी होते. त्यामुळे ते समुद्रावर आणि बायकामुले नाशकात, असा त्यांचा संसार होता. बॉयलरच्या भट्टीत फावड्याने कोळसा टाकणे हे त्यांचे काम. असे काम करणाऱ्याला जहाजावर ‘आगवाला’ म्हणत. आजोबांना लिहिता येत नसे. खलाशांचा जो मुख्य असतो त्याला सारंग म्हणतात. त्या सारंगाने ते पत्र त्यांना मराठीत लिहून दिले होते.

आजीला उर्दू वाचता येई, मराठी येत नसे. अब्बा शाळेत मराठी अक्षरे नुकतीच शिकले होते. तिने पत्र त्यांच्या हाती दिले. पाकिटावर आपल्या देशाचे तिकीट नव्हते, पोर्तुगीज सरकारचे होते. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. अब्बा एकेक अक्षर जुळवून मोठ्याने वाचू लागले, “आमचे जहाज मुरगाव बंदरात नांगरून आहे. उद्या धक्क्याला लागेल.”

आता गंमत पाहा. बंदर म्हणजे माकड. नांगर तर शेतकऱ्याचा. आणि धक्का म्हणजे धक्का! जहाजाने माकडाला नांगरले आणि आता त्याला कोणीतरी धक्का देणार, असा अर्थ अब्बांनी लावला आणि ते हसत सुटले. आजीही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसत होते.

पोस्टमनकाका अजून गल्लीतच होते. आजीने त्यांना हाक मारली. त्यांनी उंबऱ्याशी बसून सगळे समजावून सांगितले. उर्दूत ज्याला आपण बंदरगाह म्हणतो, तेच मराठीत बंदर. जहाज जागेवर धरून ठेवणारा लोखंडी लंगर, तोच मराठीत नांगर. आणि जहाज ज्याला टेकून उभे राहते तो दगडी बांध म्हणजे धक्का. मुंबईचा भाऊचा धक्का तुम्ही ऐकला असेल. ‘जहाज’ आणि ‘खलाशी’ हे शब्द मात्र दोन्ही भाषांत सारखेच आहेत. ते समजवावे लागले नाहीत.

मग काकांनी पुढची ओळ वाचली आणि ते थांबले. पुढे लिहिले होते, “तार मिळाली. रजा मागितली, मिळाली नाही. धीर धरा.”

अब्बांची धाकटी बहीण तीन वर्षांची होती. पंधरा दिवसांपूर्वी ती विषमज्वराने गेली होती. ती तार तिचीच होती.

आजोबा त्यानंतर सात महिन्यांनी घरी आले. मुलीबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. ते गप्प गप्प असत. पुढे अब्बा मोठे झाले, शाळेत नकाशा पाहू लागले, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की मुरगाव बंदरापासूनच आगगाडी निघते. घाट चढून कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव, मिरज करत ती वाट पुण्याला पोचते. पुण्याहून नाशिक किती लांब? मग आले का नाहीत? हा प्रश्न त्यांनी आजोबांना कधी विचारला नाही. पण तो त्यांच्या मनातून गेलाही नाही.

एवढे मात्र त्यांनी एकदा विचारले होते, “तुम्ही इतकी बंदरे पाहिलीत. काय काय पाहिलेत?” आजोबा म्हणाले, “गोड्या पाण्याचा नळ आणि टपालपेटी.”

हे सगळे मला ठाऊक होते. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात मी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या पर्यटक जहाजाची दोन तिकिटे काढली. अब्बा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते आणि जहाजावर कधीच चढले नव्हते. संध्याकाळी मुंबईहून निघायचे, सकाळी मुरगावला उतरायचे, दिवसभर फिरायचे आणि संध्याकाळी परत जहाजावर, अशी ती सहल.

जहाज म्हणजे एक गावच होते. अकरा मजले, पोहण्याचा तलाव, गाण्याचा कार्यक्रम, चार ठिकाणी जेवण. अब्बांनी हे सगळे एकदा पाहून घेतले आणि विचारले, “भट्टी कुठे आहे?” मी सांगितले की आता कोळसा नसतो, तेलावर चालणारी इंजिने असतात. ते थोडे हिरमुसले.

रात्री एक अडचण आली. इशाची नमाज पढायची, पण किबला कोणीकडे? खोलीत दिशा कशी कळणार? अब्बांनीच हिशेब केला. आपण किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे चाललो आहोत, म्हणजे पश्चिम आपल्या उजव्या हाताला. आपल्याकडून किबलाही साधारण पश्चिमेलाच. झाले! मग म्हणाले, “बाबांना हे रोज करावे लागत असेल. आणि भट्टीपाशी तर खिडकीही नसते.”

जेवण वाढणारा एक तरुण मुलगा मराठी बोलत होता. रत्नागिरी जिल्ह्यातलाच निघाला. या जहाजावर येण्याआधी त्याने कॅरिबियन समुद्रातल्या पर्यटक जहाजांवर नोकरी केली होती. क्रिकेटमुळे तुम्हाला वेस्ट इंडीज ठाऊक आहे. तीच ही बेटे. तिथे अशा सहली फार चालतात. आज बार्बाडोस, उद्या दुसरे बेट. जहाज सकाळी लागते, हजारो प्रवासी उतरतात, समुद्रात डुंबतात, टोप्या आणि शंखशिंपले विकत घेतात आणि संध्याकाळी जहाज निघते. तो म्हणाला, “बार्बाडोसच्या ब्रिजटाऊनला मी किती वेळा गेलो याची मोजदाद नाही.”

“काय काय पाहिलेस?” अब्बांनी विचारले.

“काय पाहणार, चाचा? दोन तासांची सुट्टी मिळायची. फुकट वाय-फाय मिळेल अशी एक जागा होती. तिथे बसून आईशी बोलायचो. आणि पैसे पाठवायची खिडकी.”

अब्बा माझ्याकडे पाहून हसले. नळ आणि टपालपेटी!

सकाळी आम्ही डेकवर होतो. झुआरी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे तिच्या दक्षिण तीरावर मुरगावचे बंदर आहे. बंदर जवळ आले की जहाजाचा कप्तान कितीही हुशार असला तरी एकटा जहाज आत नेत नाही. बंदराचा माणूस छोट्या बोटीतून येतो आणि दोरीच्या शिडीने वर चढतो. त्याला पायलट म्हणतात. पाण्याची खोली, भरती-ओहोटी, वारा, सगळे त्याला पाठ असते. मग टग नावाच्या दणकट बोटी येतात आणि आपल्या जहाजाला ढकलत ढकलत जागेवर नेतात. म्हणजे धक्क्याला लागण्यासाठी जहाजाला धक्केही खावे लागतात! अब्बांनीच हा विनोद केला. एकाहत्तर वर्षांनी त्यांचा अर्थ थोडासा बरोबर निघाला.

बाकीचे प्रवासी बसमध्ये बसून समुद्रकिनाऱ्यांकडे आणि जुन्या गोव्याच्या चर्चकडे गेले. संध्याकाळी पाचच्या आत परत यायचे होते. अब्बा म्हणाले, “मला दुसरे काही नको. बंदर पाहू.”

बंदरात पायी हिंडता येत नाही. धक्क्यापासून फाटकापर्यंत बसनेच जावे लागते. बस निघाली आणि लगेच खडखडली. आम्ही रूळ ओलांडत होतो. आगगाडीचे रूळ! अब्बांनी मागे वळून पाहिले. आमचे जहाज अजून खिडकीत मावत नव्हते, इतके जवळ होते. ते काही बोलले नाहीत.

हे बंदर आणि ही आगगाडी जुळी भावंडे आहेत. दोन्ही १८८० च्या दशकात बांधली गेली. दूधसागर धबधब्यापाशी घाट चढणारी गाडी तुम्ही चित्रांत पाहिली असेल, ती याच मार्गावरची. एके काळी प्रवासी गाड्या थेट बंदरापर्यंत येत. आता त्या वास्कोलाच थांबतात, आणि बंदरापर्यंत मालगाड्या जातात. गोव्याच्या खाणींतले लोखंडाचे खनिज नदीतून बार्जमध्ये भरून इथे यायचे आणि मोठ्या जहाजांवर चढून जपानला जायचे. आजोबांचे जहाज त्याचसाठी आले होते.

फाटकाबाहेर आम्ही टॅक्सी केली आणि सड्यावर गेलो. सडा म्हणजे बंदराच्या डोक्यावरचे उंच पठार. तिथून खाली सगळे बंदर दिसते. पाण्यात बार्ज उभ्या होत्या. पलीकडच्या तीरावर दोनापावला होते. आमचे जहाज त्या गर्दीत पांढऱ्या खेळण्यासारखे दिसत होते.

टॅक्सीवाल्याने आम्हाला इथली एक गोष्ट सांगितली. ती मी पुस्तकात वाचली होती, पण जागेवर ऐकण्याची मजा वेगळी. १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात जर्मनीची तीन आणि इटलीचे एक मालवाहू जहाज या बंदरात आश्रयाला आले. पोर्तुगाल युद्धात नव्हता, म्हणून इथे त्यांना इंग्रज हात लावू शकत नव्हते. पण बाहेर पडले की पकडले जाणार. काही दिवसांसाठी आलेली जर्मन जहाजे साडेतीन वर्षे इथेच नांगरून राहिली. त्यांतल्या ‘एहरेनफेल्स’ जहाजावर चोरून ठेवलेले बिनतारी यंत्र आहे आणि त्यावरून जर्मन पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांना संशय होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या काही इंग्रजांनी त्यावर हल्ला केला. ते नेहमीचे सैनिकही नव्हते, कचेऱ्यांत काम करणारे मध्यमवयीन गृहस्थ होते! ‘एहरेनफेल्स’ बुडाले, आणि ते पाहून बाकीच्या तीन जहाजांवरच्या लोकांनी आपापल्या जहाजांना स्वतःच आग लावली.

मला वाटले होते, अब्बांना ही लढाई आवडेल. ते म्हणाले, “साडेतीन वर्षे! त्या खलाशांच्या घरीही कोणी गेले असेल. त्यांना कोणी रजा दिली असती?”

मग बराच वेळ ते खाली रुळांकडे पाहत राहिले. एक मालगाडी कोळसा भरून हळूहळू निघाली होती. वळणावर इंजिनाने शिट्टी दिली. ती वरपर्यंत स्पष्ट ऐकू आली.

“बेटा,” ते म्हणाले, “गाडी कुठेतरी गावात असेल, लांब असेल, असे मला वाटायचे. ती तर जहाजाच्या अंगणात होती. त्यांना शिट्टी ऐकू आली असेल.”

मी म्हटले, “पळून गेले असते तर पुन्हा कोणत्याच जहाजाने घेतले नसते.”

“ते मला केव्हाच कळले आहे. आम्ही पाच जण त्यांच्या पगारावर जगत होतो. मी दुसरेच म्हणतो आहे. शिट्टी ऐकायची आणि फावडे उचलायचे.” ते थांबले. “मी उगाच रागावून राहिलो.”

उतरताना त्यांनी टॅक्सी वास्कोच्या पोस्टात न्यायला सांगितली. रस्त्यात मासळीचा बाजार लागला, केळ्यांचे भजे तळत होते, पण त्यांना कशातच रस नव्हता. पोस्टात त्यांनी पन्नास पैशांचे एक कार्ड घेतले. हात थरथरत होता, म्हणून मी लिहू का असे विचारले. ते नको म्हणाले. टेबलाशी उभे राहून त्यांनी मराठीत चार ओळी लिहिल्या आणि कार्ड स्वतः पेटीत टाकले. बाहेर एक नळ होता. त्याचे पाणीही ओंजळीने प्यायले. मला जरा काळजी वाटली, पण मी काही बोलले नाही.

पाचला दहा मिनिटे कमी असताना आम्ही जहाजावर पोचलो.

नाशिकला परत आल्यावर पाचव्या दिवशी कार्ड आले. माझा मुलगा उर्दू शाळेत सहावीत आहे. अब्बांनी ते त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, “वाच बरं.”

तो अडखळत वाचू लागला, “आमचे जहाज मुरगाव बंदरात धक्क्याला लागले आहे. तब्येत ठीक. संध्याकाळी निघू.” मग त्याने मान वर केली आणि विचारले, “नाना, बंदराला धक्का कोणी दिला?”