कल्पवृक्षाच्या सावलीतले तण

मुंबईहून गुजरातकडे निघालेली गाडी डहाणू आणि घोलवड मागे टाकते, तेव्हा रुळांच्या आसपास चिकूच्या वाड्या दिसू लागतात. राज्याची सीमा ओलांडताच उंबरगाव रोड स्थानक येते. वलसाड जिल्ह्यातील याच तालुक्यात, देहरी गावाजवळ, भास्करभाई सावे यांनी उभारलेली ‘कल्पवृक्ष’ ही १४ एकरांची शेती आहे. त्यातील सुमारे १० एकरांवर नारळ आणि चिकू यांची मिश्र बाग आहे.

भास्करभाई (१९२२–२०१५) आरंभी शिक्षक होते. रासायनिक शेतीत त्यांनी नाव मिळवले, खतविक्रीची एजन्सीही चालवली. परंतु जमाखर्च मांडताना त्यांना दिसले की खर्च वर्षागणिक चढतो आणि शिल्लक उतरते. तेथून ते नैसर्गिक शेतीकडे वळले. अहिंसा हे या शेतीचे मुख्य लक्षण, असे ते मानीत. जपानचे मासानोबू फुकुओका यांनीही ही बाग पाहून तिचा गौरव केला होता.

वाढलेल्या बागेच्या गर्द छायेत तण फारसे उरत नाही. खरी परीक्षा असते ती कोवळ्या बागेची. अलीकडे अनेक व्यापारी कुटुंबे या पट्ट्यात जमीन घेऊन झाडे लावतात. पहिल्याच पावसाळ्यात गवत कमरेला लागते, रोपे दिसेनाशी होतात आणि तणनाशक फवारण्याचा सल्ला मिळतो. ते औषध कोवळ्या हिरव्या सालीवर उडाले तर रोपच दगावू शकते. शिवाय उघडी पडलेली माती पुढच्या सरीत वाहून जाते.

नांगर फिरवावा, तर हरळी आणि लव्हाळा यांचे फावते. हरळीच्या काशांचे तुकडे होतात आणि तुकड्यातुकड्याला फुटवा येतो. लव्हाळ्याच्या गाठी सर्वत्र पसरतात. या दोघांचा खरा शत्रू सावली आहे. म्हणून भास्करभाईंच्या पद्धतीत अल्पजीवी, मध्यमजीवी आणि दीर्घजीवी वनस्पती एकत्र लावल्या जातात. मुख्य झाड मोठे होईपर्यंत इतर वनस्पती जमीन झाकून ठेवतात. ताग किंवा चवळी पेरली तर नत्रही मिळते.

उरलेले गवत उपटायचे नाही. बी धरण्यापूर्वी विळ्याने कापून तेथेच पसरायचे. मात्र रोपाभोवतीचे आळे तणमुक्त ठेवावे लागते, कारण लहान रोपाला पाण्यासाठी गवताशी स्पर्धा झेपत नाही. आच्छादन खोडापासून वीतभर दूर असावे. खोडाला ओले गवत चिकटून राहिले तर साल कुजते. रोप जसे पसरेल तसे आळे रुंदावत न्यावे. पाणी खोडाशी न देता दोन ओळींमधील चरात सोडले की मुळे त्या दिशेने धाव घेतात.

या पद्धतीत आरंभीची काही वर्षे मजुरी द्यावीच लागते आणि बाग नीटनेटकीही दिसत नाही. पण कापलेले गवत मातीतच जिरते, ओल टिकते, गांडुळे वाढतात आणि विकतच्या खतावरचा खर्च घटत जातो. पहिल्या पावसाळ्यात घाबरून माती उघडी न टाकणाऱ्यालाच पुढे ही सावली लाभते.